रात्रपाळीची टोपी

महाराष्ट्रातील थंडी सौम्य, सुखद आणि अल्पायुषी असते, हा समज आपल्या नागर समाजात इतका दृढ झालेला आहे, की तिच्यासाठी काही विशेष तजवीज करावी, निदान तिच्याविषयी चार घटका गांभीर्याने विचार करावा, ही गोष्टच पुष्कळांना अनावश्यक वाटते. मुंबईच्या किनारपट्टीपुरता हा समज खोटा नाही. परंतु ज्या पुण्यात १९३५ सालच्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद वेधशाळेच्या दप्तरी आहे, ज्या नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तपमान ३.५ अंशांवर आले, आणि ज्या निफाड तालुक्यात द्राक्षांच्या घडांना थंडी बाधू नये म्हणून बागाईतदार ऐन पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात, त्या मुलखाला थंडी ठाऊक नाही असे कोणीही म्हणू नये. थंडीचा खरा अंमल मध्यरात्र उलटल्यानंतर सुरू होतो आणि सूर्य हातभर वर येईपर्यंत टिकतो. त्या वेळी आपण पांघरुणात असतो, म्हणून ती आपल्याला सौम्य भासते, इतकेच.

त्या वेळी पांघरुणाबाहेर जे असतात, त्यांची संख्या लहान नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते म्हणून हातात बॅटरी घेऊन गव्हाला पाणी देणारा शेतकरी, पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात कोयता घेऊन उतरलेली ऊसतोड कामगारांची जोडपी, सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला रखवालदार, रस्ता झाडणाऱ्या बायका, दुधाच्या व वृत्तपत्रांच्या गाड्या उतरवून घेणारी मुले, आणि उघड्या माळावर वाडा टाकून मेंढरांची राखण करणारा मेंढपाळ, ही सारी माणसे कार्तिकापासून माघापर्यंत जवळजवळ रोज थंडीच्या समोरासमोर असतात. त्यांच्या डोक्यावर जी टोपी असते ती कशाची असावी, लोकरीची की कृत्रिम धाग्याची, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसला तरी मला तो तसा वाटत नाही. आणि माझे मत आरंभीच नमूद करावयाचे तर, रात्रभर एका जागी, उघड्यावर, शेकोटीच्या सोबतीने काम करणाऱ्या माणसाला लोकरीचीच टोपी मिळाली पाहिजे, आणि ती देण्याची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याची आहे, असे मी मानतो.

आज त्याच्या डोक्यावर काय असते, ते प्रथम पाहू. दिवाळी उलटली की महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांतून, एखाद्या मैदानाच्या कडेला किंवा रुंद रस्त्याच्या पदपथावर, ऊबदार कपड्यांची दुकाने मांडली जातात. त्यांतील कित्येक तिबेटी निर्वासित कुटुंबांची असतात, आणि ही कष्टाळू माणसे जो माल विकतात त्याचा मोठा हिस्सा लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतून आलेला असतो. तेथील कानटोप्या, माकडटोप्या आणि मफलर यांना आपण सरसहा लोकरीचे म्हणतो. परंतु त्यांपैकी बहुतेक जिन्नस अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून रासायनिक प्रक्रियेने सिद्ध केलेल्या धाग्याचे असतात. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने १९५० साली ‘ऑरलॉन’ या नावाने या धाग्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. पुढे जपानमधील असाही कंपनीचे ‘कॅशमिलॉन’ हे नाव आपल्याकडे इतके रुजले, की विणकाम करणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रिया दुकानदाराकडे त्याच नावाने गुंड्या मागू लागल्या. हा धागा हलका, फुगीर, मऊ आणि भडक रंग टिकवून धरणारा आहे, आणि तो स्वस्त आहे. शंभर-दीडशे रुपयांत त्याची टोपी मिळते. गरिबाच्या डोक्यावर त्याने काही आच्छादन तरी आणले, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. माझी तक्रार अशी आहे, की घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे सांगितले जात नाही, आणि निवड करण्याची मुभाच त्याच्यापाशी उरलेली नाही.

टोपीचा कैवार घेताना तिच्याविषयीची एक अतिशयोक्ती मात्र बाजूस सारली पाहिजे. शरीरातील निम्मी उष्णता डोक्यावाटे निघून जाते, असे विधान आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अमेरिकन लष्कराच्या १९७० सालच्या एका पुस्तिकेत हे प्रमाण शेकडा ४० ते ४५ असे छापले गेले होते, आणि तेथून ते जगभर पसरले. २००८ साली रेचल व्रीमन आणि आरन कॅरोल या दोन डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या समजुतीचा साधार निरास केला. प्रौढ माणसाच्या डोक्याचे क्षेत्रफळ सर्वांगाच्या एकदशांशाहून अधिक नसते आणि उष्णतेचा व्ययही साधारण त्याच मानाने होतो; तेव्हा अंगात पातळ सदरा आणि पायांत फाटकी चप्पल असलेल्या माणसाला केवळ टोपीने थंडी आवरेल, असे समजणे भ्रामक आहे. तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. त्याचे डोके त्याच्या सर्वांगाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढे असते, म्हणून बाळाला कुंची घालण्याचा आपल्या आज्यांचा आग्रह शास्त्राला धरूनच होता. मोठ्या माणसाच्या बाबतीत टोपीचे महत्त्व दुसऱ्या कारणाने आहे: कान, कपाळ आणि मान यांची त्वचा थंडीला विशेष संवेदनशील असते, आणि कानांत वारा शिरून कानशिले ठणकू लागली म्हणजे बाकीच्या अंगाला कितीही पांघरले तरी माणसाचे चित्त ठिकाणावर राहत नाही.

आता धाग्याकडे वळू. ऊब ही वस्तुतः धाग्यात नसतेच. धाग्यांच्या जाळ्यात अडकून पडलेल्या निश्चल हवेत ती असते, आणि म्हणून कोरड्या, निर्वात हवेत जाड विणीची अ‍ॅक्रिलिकची टोपी पातळ विणीच्या लोकरी टोपीपेक्षा निश्चितच अधिक उबदार ठरेल. लोकरीचा केस निसर्गतःच कुरळा असल्याने तो हवेला पुष्कळ जागा देतो; कृत्रिम धाग्याला तोच कुरळेपणा कारखान्यात यंत्राने आणि उष्णतेने दिला जातो, आणि तो आरंभी तरी फारसा उणा नसतो. इथपर्यंत दोघांत मोठी तफावत नाही. तफावत पडते ती ओलाव्यापाशी, आणि महाराष्ट्राच्या हिवाळ्यात ओलावा सर्वत्र असतो: पाणी दिलेल्या शेतात तो असतो, नदीकाठच्या धुक्यात असतो, पहाटेच्या दवात असतो, आणि माणसाच्या स्वतःच्या घामात व श्वासात असतो. लोकर हे केसासारखेच एक प्रथिन आहे. तिच्या तंतूचा पृष्ठभाग पाणी झटकून टाकतो, परंतु वाफेच्या रूपातील ओलावा मात्र तंतूच्या अंतर्भागात शिरू शकतो, आणि अशा रीतीने आपल्या वजनाच्या शेकडा ३० च्या आसपास ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. इतकेच नव्हे, तर हा ओलावा शोषून घेताना ती अल्पशी उष्णता बाहेर टाकते. याउलट अ‍ॅक्रिलिकचा तंतू सर्वसाधारण हवेत आपल्या वजनाच्या शेकडा दोनच्या आत ओलावा शोषतो, आणि पॉलिएस्टर तर शेकडा अर्धासुद्धा नाही. तेव्हा जो काही ओलावा येतो तो तंतूंच्या मधल्या जागेत, म्हणजे ज्या जागेत हवा असावयास पाहिजे नेमक्या त्याच जागेत, थेंबांच्या रूपाने साचून राहतो.

माकडटोपी घालून रात्र काढणाऱ्या कोणाही रखवालदाराला विचारावे, तो हे शास्त्र न शिकताही सांगेल. तोंडावरून ओढलेला टोपीचा भाग श्वासाने दमट होतो, तासाभराने तो गार पडतो, आणि मग ती गार पट्टी ओठांवर व हनुवटीवर ठेवण्यापेक्षा तोंड उघडे टाकलेले बरे, असे वाटू लागते. रात्रपाळीच्या कामाची लयही अशीच आहे: एक फेरी मारावयाची, त्यात अंग थोडे तापावयाचे, घामाचा पुसट ओलावा डोक्याशी धरावयाचा, आणि मग पुढचे दोन तास खुर्चीवर निश्चल बसावयाचे. या तापण्या-निवण्याच्या चक्रात जो धागा ओलावा पोटात घेऊन सावकाश परत देतो, तो त्या माणसाचा खरा सोबती. धावणाऱ्याला किंवा झपाट्याने चालणाऱ्याला याची गरज कमी, कारण त्याचे शरीरच भट्टीसारखे तापलेले असते. बसून राहणाऱ्याला ती सर्वांत अधिक.

परंतु माझ्या दृष्टीने लोकरीच्या बाजूचे सर्वांत निर्णायक कारण ओलाव्याचे नसून आगीचे आहे. रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाजवळ शेकोटी असते. कधी ती पालापाचोळ्याची असते, कधी उसाच्या पाचटाची, आणि शहरात तर कित्येकदा खोक्यांचे पुठ्ठे व प्लॅस्टिक यांची. तिच्यातून ठिणग्या उडतात, वारा फिरला की ज्वाला अंगावर येते, आणि पेंगुळलेला माणूस नकळत पुढे झुकतो. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. तिला पेटण्यास सुमारे ५७० ते ६०० अंशांची उष्णता लागते, आणि पेटली तरी ती जळून कोळसा होते, वितळत नाही, व ज्योत दूर झाली की बहुधा आपोआप विझते. अ‍ॅक्रिलिक चटकन पेट घेते आणि जळताना वितळते. पॉलिएस्टर अडीचशे-दोनशे साठ अंशांच्या दरम्यान वितळून त्याचा तप्त रस त्वचेला चिकटतो. डोक्याला आणि गालांना घट्ट बसलेली टोपी अशा रीतीने वितळली, तर काय होईल याची कल्पना करवत नाही. जगातील अनेक अग्निशमन दले आणि लष्करे आगीच्या जवळ काम करणाऱ्यांना अंगालगत वितळणारे कपडे घालू देत नाहीत, ती खबरदारी आपण आपल्या रखवालदाराच्या बाबतीत का घेऊ नये? त्याची शेकोटी बंद करण्याचा हुकूम काढणे सोपे आहे, आणि तो काढला जातोही. पण ज्याला दुसरी ऊब दिलेली नाही त्याच्याकडून शेकोटी काढून घेणे हा न्याय नव्हे.

लोकर ही जुन्या काळची, आणि कृत्रिम धागा हा प्रगतीचा, असे मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवताना तेनसिंग नोर्गे यांच्या अंगावर जे कपडे होते, त्यांत अर्ल डेनमन या गिर्यारोहकाने काही वर्षांपूर्वी त्यांच्यापाशी ठेवून दिलेली लोकरी टोपी होती. मोजे त्यांच्या पत्नीने विणलेले होते. त्याच मोहिमेतील वाऱ्यापासून रक्षण करणारे बाहेरचे अंगरखे मात्र कापूस आणि नायलॉन यांच्या मिश्र विणीच्या घट्ट कापडाचे होते. मला या वाटणीत मोठे शहाणपण दिसते. विणलेली टोपी, मग ती कशाचीही असो, तिच्यातून वारा आरपार जातो; वारा अडवण्याचे काम घट्ट विणीच्या कृत्रिम कापडाने करावे आणि त्याच्या आत, अंगालगत, लोकरीने ऊब धरावी, ही जोडी आजही उत्तम आहे. वाऱ्याच्या माळावर उभ्या राहणाऱ्या माणसाने लोकरी टोपीवरून जॅकेटची साधी नायलॉनची टोपडी ओढून घेतली, तरी त्याला लगेच फरक जाणवेल.

कृत्रिम धाग्याची बाजूही मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. पहाटे टेकडीवर धावावयास जाणारी मुले, सह्याद्रीच्या गडकोटांवर रात्रीची चढण चढणारे तरुण, सायकलवरून कामाला जाणारा कारागीर, यांचा घाम थेंबाथेंबाने वाहत असतो, आणि त्यांना सोसते ती पातळ, हलकी, पिळली की वाळणारी टोपी. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माल्डन मिल्स या गिरणीने पॉलिएस्टरपासून जे लवदार फ्लीस कापड तयार केले, ते या कामासाठी खरोखरच उत्तम आहे. ते भिजले तरी पाणी धरून ठेवत नाही, झटकले की अर्धे कोरडे होते, आणि पिशवीत मूठभर जागेत मावते. केदारनाथला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना मी नेहमी सांगतो, की साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या त्या स्थळी चढताना डोक्यावर फ्लीसची टोपी असू द्यावी आणि मुक्कामाला पोहोचल्यावर, अंग निवू लागण्यापूर्वी, लोकरीची घालावी. कित्येकांच्या त्वचेला लोकर अजिबात सोसत नाही. लहान मुलांच्या टोप्या रोज धुवाव्या लागतात. वसतिगृहातील विद्यार्थ्याला यंत्रात टाकून धुता येईल असेच कपडे परवडतात. आणि लोकरीला कसर लागते, ती कृत्रिम धाग्याला लागत नाही. यांपैकी एकही गोष्ट नगण्य नाही.

तथापि कृत्रिम धाग्याच्या स्वस्ताईचा काही हिस्सा आपण निराळ्या खात्यावर टाकलेला आहे, हेही ध्यानात घ्यावयास पाहिजे. २०१६ साली इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी धुलाईयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी केली, तेव्हा सहा किलो अ‍ॅक्रिलिकच्या कपड्यांच्या एका धुलाईतून सात लक्षांहून अधिक सूक्ष्म तंतू सुटतात, असा त्यांचा अंदाज निघाला. पॉलिएस्टरच्या बाबतीत हा आकडा पाच लक्षांच्या आसपास होता. म्हणजे ज्या धाग्याच्या टोप्या आपण सर्वांत अधिक वापरतो, तोच या परीक्षेत सर्वांत वाईट ठरला. हे तंतू कुजत नाहीत. ते गटारांतून नद्यांत आणि नद्यांतून समुद्रात जातात. लोकरीचा तंतूही धुताना सुटतो, पण तो मातीत मिसळून माती होतो. इकडे लोकरीचा लौकिकही सर्वस्वी निर्दोष नाही: ऑस्ट्रेलियात मेरिनो कोकरांच्या मागील भागाची कातडी माश्यांच्या उपद्रवापासून बचाव म्हणून कापून काढण्याची जी प्रथा आहे, ती क्रूर आहे, आणि न्यूझीलंडने २०१८ साली तिच्यावर कायद्याने बंदी घातली, ती योग्यच होती. भारी किमतीची मेरिनो टोपी घेणाऱ्याने ती कोठल्या मेंढीची आहे याची खातरजमा करावी.

पण आपल्याला मेरिनोपर्यंत जाण्याचे कारणच काय? दख्खनच्या पठारावर आपली स्वतःची मेंढी आहे. ‘दख्खनी’ याच नावाने ओळखली जाणारी ही काटक जात महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण यांच्या कोरड्या प्रदेशांत शतकानुशतके चरत आली. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे तिला घेऊन चाऱ्याच्या शोधात दूरदूर जातात, काही घाट उतरून कोकणपट्टीत पोहोचतात, आणि वाटेतील शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात व त्याचा मोबदला देतात. या मेंढीचे उत्पन्न आज मांस आणि खत यांवर उभे आहे. तिची लोकर वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास निघते, ती काळी व जाडीभरडी असते, आणि तिला बाजारात इतका नाममात्र भाव येतो, की कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा तीतून सुटत नाही. मेंढीच्या आरोग्यासाठी ती कातरणे भाग असते म्हणून ती कातरली जाते, आणि पुष्कळदा माळावरच टाकून दिली जाते. मेंढपाळानेही आपला हिशेब ओळखला आहे. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या माडग्याळ भागातली, उंच, वजनदार आणि जवळजवळ लोकरच नसलेली मेंढी त्याला आता अधिक पसंत पडते. त्याला दोष देता येणार नाही. ज्या वस्तूचा समाजाने त्याग केला तिचा भार त्याने एकट्याने का वाहावा?

या लोकरीवर जगणारी एक विद्याही तिच्याबरोबर क्षीण होत चालली आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या जिल्ह्यांतील सणगर आणि खुटेकर धनगर कुटुंबे हातांनी सूत काढून, त्याला चिंचोक्याची खळ देऊन, खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणीत आली. घोंगडी पाऊस झेलते, थंडी अडवते, अंथरता येते, पांघरता येते आणि माणसाच्या निम्म्या आयुष्याला पुरते. तिच्या गुणांविषयी मराठी माणसाला मी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. तिच्याविरुद्ध आक्षेप एकच, आणि तो खरा आहे: ती टोचते. तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या पुढे गेली की तो त्वचेला बोचू लागतो, आणि दख्खनी लोकरीतील पुष्कळसे तंतू याहून जाड असतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती तेवढी मऊ असते व तिच्या घोंगडीला म्हणूनच अधिक मोल येते. पण ती थोडी.

या आक्षेपावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. हिमाचल प्रदेशातील कुलूची टोपी सुयांवर विणलेली नसते. मागावर विणलेल्या लोकरी कापडाचे तुकडे बेतून ती शिवलेली असते, आणि तिला आतून सुती अस्तर असते, त्यामुळे कपाळाला लोकर लागत नाही. आपल्या घोंगडीच्या पट्टीपासून, आतून जुन्या धोतरासारखे मऊ सुती अस्तर लावून, कान आणि मान झाकणाऱ्या पाखांसह अशी टोपी शिवता येणार नाही काय? एका मेंढीच्या वर्षभराच्या लोकरीतून, धुण्यातील घट वजा जाता, तीन-चार टोप्यांपुरते कापड निघावे. जी लोकर आज माळावर कुजते तिच्यातून, त्याच माळाच्या कडेला थंडीत पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची टोपी व्हावी, यात मला केवळ अर्थशास्त्र दिसत नाही. त्यात एक प्रकारचे औचित्य आहे. पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाने, शासनाच्या वस्त्रोद्योग खात्याच्या साह्याने, विणकर आणि शिंपी यांना एकत्र आणून असा एखादा साधा, टिकाऊ नमुना सिद्ध करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. अशी टोपी शंभर रुपयांत मिळणार नाही हे मी जाणतो. पण पाच-सहा हिवाळे टिकणाऱ्या टोपीची किंमत एका हिवाळ्यात गोळे येऊन सैल पडणाऱ्या टोपीच्या किमतीशी ताडून पाहण्याची रीत चुकीची आहे.

गिऱ्हाईकाने आपल्यापुरती परीक्षा करावयाची तर ती सोपी आहे. टोपीच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढावा, चिमट्यात धरून मुलांपासून दूर तो पेटवावा: लोकरीचा धागा कुरकुरत, सावकाश जळतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहिलेली राख बोटांनी चुरडली की भुगा होते, कृत्रिम धागा आक्रसून वितळतो आणि त्याची कठीण, काळी गोळी बनते. दोहोंची लक्षणे एकत्र दिसली तर माल मिश्र आहे असे समजावे, आणि मिश्र मालही वाईट नसतो, फक्त त्याची किंमत निखळ लोकरीची देऊ नये. लोकरीची टोपी घरी आणल्यावर ती ऊन पाण्यात घोळसून धुऊ नये, कारण उष्णता आणि चोळणे यांनी लोकरीच्या तंतूवरील खवले एकमेकांत अडकून टोपी आटते. रिठ्याच्या थंड पाण्यात भिजवून, हलक्या हाताने दाबून, सपाट पसरून सावलीत वाळवावी, आणि फाल्गुनात नीट कोरडी करून, स्वच्छ कापडात गुंडाळून, कडुनिंबाच्या पाल्यासह बंद डब्यात ठेवावी. धुतल्याविना ठेवलेल्या लोकरीलाच कसर प्रथम लागते.

मात्र ज्याच्यासाठी मी हा प्रश्न उपस्थित केला, तो माणूस दुकानात उभा राहून धागे जाळून पाहणार नाही. त्याच्या डोक्यावर कोणती टोपी यावी हे दुसरे कोणी ठरवते: सोसायटीची समिती ठरवते, रखवालदार पुरवणारा ठेकेदार ठरवतो, साखर कारखाना ठरवतो, नगरपालिका ठरवते. या सर्वांना माझे सांगणे असे, की गणवेशाच्या यादीत नुसते ‘ऊबदार टोपी’ असे मोघम लिहू नये. धागा कोणता, त्यात लोकरीचे प्रमाण किती, अस्तर कशाचे, हे निविदेतच नमूद करावे, आणि आलेल्या मालातून एक टोपी काढून तिची परीक्षा करावी. उघड्यावर आणि आगीच्या जवळ काम करणाऱ्यास लोकरीची द्यावी, धावपळीच्या कामावर असणाऱ्यास हवी तर फ्लीसची द्यावी, आणि दोन्ही देता आल्या तर फारच उत्तम. साखर कारखान्यांनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण त्यांचा गाळप हंगाम आणि थंडीचे महिने एकच आहेत, आणि फडातील बाई डोक्याला जो सुती फडका गुंडाळून पहाटे उभी राहते तो दवाने भिजला की वाळत नाही. ज्या वाचकांच्या इमारतीला रात्रीचा रखवालदार आहे त्यांनी समितीच्या पुढील सभेत हा विषय मांडावा. मागणी नोंदवावयाची ती दसऱ्यापूर्वी नोंदवावी, कारण हातमागावर विणलेला माल थंडी पडल्यावर ऐनवेळी मिळत नाही.